ढोलीवर टिकलेला पक्षी: फिलिपिन्सचा पांढरा काकाकुवा

विचारलेला प्रश्न तीन भागांचा आहे. पिंजऱ्यात आणि प्राणिसंग्रहालयात आपण पाहतो तो पांढरा काकाकुवा रानात नेमका कसा राहतो? चाळीस-पन्नास वर्षे जगू शकणारा पक्षी नामशेष होण्याच्या टोकाला कसा पोहोचतो? आणि पिंजऱ्यांत इतके काकाकुवे असताना ते सोडून देऊन रानातली तूट भरून का काढता येत नाही? ढोलीत घरटे करणाऱ्या पक्ष्यांचा अभ्यास हे माझे अनेक वर्षांचे काम आहे आणि माझ्या मते या तिन्ही प्रश्नांची उत्तरे झाडाच्या ढोलीपाशीच सापडतात. मात्र 'पांढरा काकाकुवा' ही एक जात नाही. काकाकुव्यांच्या कुळात एकवीसच्या आसपास जाती आहेत, त्यांतल्या निम्म्याहून अधिक पांढऱ्या आहेत आणि त्यांचे दैव फार वेगवेगळे आहे. पिवळ्या तुऱ्याचा मोठा ऑस्ट्रेलियन काकाकुवा सिडनीच्या बागांतून थव्याने हिंडतो, तर त्याचाच नातेवाईक असलेला फिलिपिन्सचा काकाकुवा आज जगातल्या सर्वांत दुर्मीळ पोपटवर्गीय पक्ष्यांत गणला जातो. या दुसऱ्या जातीविषयीच मी लिहितो, कारण तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे इतके स्वच्छ उत्तर दुसरी कोणतीही जात देत नाही.

स्थानिक लोक त्याला 'कताला' म्हणतात. शास्त्रीय नाव काकाटुआ हीमाट्युरोपिजिया. फिलिप लुडविग स्टॅटिअस म्युलर यांनी १७७६ मध्ये या जातीचे शास्त्रीय वर्णन केले. काकाकुव्यांचे मूळ घर ऑस्ट्रेलिया, न्यू गिनी आणि पूर्व इंडोनेशियाची बेटे. त्या घराण्यातला सर्वांत उत्तरेला पोहोचलेला हा सदस्य आणि फिलिपिन्समधला एकमेव मूळचा काकाकुवा. लांबी सुमारे ३० सेंटिमीटर आणि वजन ३०० ग्रॅमच्या आसपास, म्हणजे वजनाने ऑस्ट्रेलियातल्या मोठ्या भावाच्या निम्माही नाही. तुरा आखूड आणि मिटलेला असताना जवळजवळ न दिसणारा; पक्षी दचकला किंवा जोडीदारापाशी उतरला की तो क्षणभर उभा राहतो. पंखांच्या आणि शेपटीच्या खालच्या बाजूस पिवळसर झाक असते आणि शेपटीच्या मुळाशी, पोटाकडच्या बाजूस, तांबडी पिसे असतात. उडणाऱ्या पक्ष्याची खात्रीची ओळख तीच. नर-मादी एकसारखे दिसतात. जवळून पाहिल्यास प्रौढ नराचा डोळा काळपट आणि मादीचा तांबूस तपकिरी असतो. इतर पोपटांत हिरवा-निळा रंग दिसतो त्यामागे पिसांची सूक्ष्म रचना असते. ती रचना काकाकुव्यांच्या कुळात नाही, म्हणून हे पक्षी पांढरे, काळे, करडे किंवा गुलाबी असतात, हिरवे कधीच नसतात. शिवाय त्यांच्या अंगावर विशिष्ट पिसांची सतत भुकटी होत असते. ती सर्वांगाला लागते आणि पांढऱ्या रंगाला तो मऊ, पिठुळ पोत देते.

आता राहण्याविषयी. घनदाट, उंच डोंगरावरच्या जंगलात हा पक्षी असेल अशी बहुतेकांची कल्पना असते आणि ती चुकीची आहे. कताला हा मुख्यतः समुद्रसपाटीपासून पन्नास मीटरच्या आतला, किनाऱ्यालगतच्या सखल जंगलाचा, नदीकाठाचा आणि कांदळवनाचा पक्षी आहे. तो रात्री थव्याने कांदळवनात किंवा किनाऱ्यालगतच्या छोट्या बेटावर मुक्काम करतो, सकाळी खाडी ओलांडून मोठ्या बेटाच्या सखल जंगलात आणि शेतांच्या कडेला चरायला जातो आणि संध्याकाळी परततो. बेटाबेटांमधले सात-आठ किलोमीटरचे पाणी ओलांडणे त्याला अवघड नाही. ही रोजची ये-जा समजून घेतल्याशिवाय या पक्ष्याचे संरक्षण समजत नाही, कारण त्याला एका जागेचे अभयारण्य पुरत नाही. मुक्कामाचे बेट सुरक्षित असले तरी दिवसाचे जेवण माणसाच्या वस्तीत असते.

कांदळवनात तो ज्या झाडावर सर्वाधिक अवलंबून आहे ते झाड कोकणच्या माणसाला परके नाही. आपण त्याला पांढरी चिप्पी म्हणतो, शास्त्रीय नाव सोनेरेशिया अल्बा. महाराष्ट्राने २०२० मध्ये याच झाडाला राज्य कांदळवृक्षाचा दर्जा दिला. त्याची फुले रात्री उमलतात, वटवाघळे त्यांचे परागण करतात आणि नंतर पसरट, तारेसारख्या बाह्यदलांवर बसलेले हिरवे फळ धरते. कताला त्याची फुले आणि फळांतल्या बिया खातो आणि जुन्या चिप्पीच्या खोडात पडलेल्या ढोलीत घरटेही करतो. वेंगुर्ल्याच्या किंवा अलिबागच्या खाडीत चिप्पी पाहिलेल्या वाचकाला या पक्ष्याच्या घराचा निम्मा भाग आधीच ठाऊक आहे असे मी समजतो.

दुसरे झाड त्याहूनही ओळखीचे आहे. शेवगा मूळचा भारताच्या वायव्य भागातला. माणसाबरोबर तो आग्नेय आशियात गेला आणि फिलिपिन्सच्या परसांतून तो सर्वत्र उभा आहे. पालावान बेटाजवळच्या रासा या छोट्या बेटावर शेवग्याच्या बिया हे कतालाचे विणीच्या काळातले मोठे अन्न आहे. आपण शेवग्याची शेंग कोवळी असताना काढतो. पक्ष्याला ती पूर्ण वाळलेली हवी असते. फांदीवर बसून तो शेंग एका पायात धरतो. पोपटवर्गीयांची दोन बोटे पुढे आणि दोन मागे असल्याने पाय चिमट्यासारखा चालतो. मग तो चोचीच्या टोकाने शेंगेच्या शिवणीवर दाब देतो. वाळलेली शेंग तीन उभ्या भागांत उकलते, आत तीन कागदी पंख असलेल्या गोल बिया एकाखाली एक बसलेल्या असतात. पक्षी एकेक बी जिभेने चोचीत फिरवतो, पंख आणि टरफल वेगळे करून खाली सोडतो आणि गर गिळतो. पोपटवर्गीयांचा वरचा जबडा कवटीला बिजागरीने जोडलेला असतो, त्यामुळे वरची चोचही हलते आणि जीभ जाड व मांसल असते. हे काम इतके नेमके होते ते या दोन गोष्टींमुळे. झाडाखाली पडलेल्या टरफलांवरून, पक्षी न दिसताही, तो तिथे येऊन गेल्याचे अनुभवी माणूस सांगू शकतो.

मका आणि भात हेही तो खातो, आणि शेतकऱ्यांनी त्याला पूर्वीपासून पिकाचा शत्रू मानले. हा आरोप निराधार नाही. थवा मोठा असेल तर मक्याचे नुकसान खरेच होते. परंतु ज्या काळात त्याला मोठ्या प्रमाणावर मारले किंवा पकडले गेले त्या काळातच सखल जंगलही तोडले जात होते आणि कांदळवने मत्स्यतळ्यांसाठी साफ होत होती. रानातले अन्न कमी झालेला पक्षी शेताकडे जास्त वळतो, ही साखळी त्या आरोपात कधी धरली गेली नाही.

ढोलीकडे येतो. सुतारपक्षी आणि तांबट आपली ढोली स्वतः कोरतात. काकाकुवा कोरू शकत नाही. फांदी मोडून, बुरशी लागून, वाळवी पोखरून खोडात नैसर्गिकरीत्या पडलेली, आत पुरेशी खोल आणि तोंडाशी फार रुंद नसलेली पोकळी त्याला हवी असते, आणि अशी पोकळी जुन्या, जाड झाडातच मिळते. रासा बेटावर चिप्पीशिवाय गारुगा फ्लोरिबुंडा हे झाड तो वापरतो. आपल्या सह्याद्रीतल्या काकडाचे हे सख्खे भावंड. पालावानच्या मुख्य भूमीवर कूम्पासिया एक्सेल्सा हा प्रचंड उंच वृक्ष महत्त्वाचा आहे. भोवतालचे जंगल तोडले गेले तरी असे एकटे महावृक्ष शेतांमधून उभे राहिलेले दिसतात. एका जोडीला चांगली ढोली मिळाली की ती वर्षानुवर्षे तिथेच येते. डोंगरी मैना आणि इतर पोपट यांनाही त्याच पोकळ्या हव्या असतात. सह्याद्रीत धनेशाची घरटी पाहताना मला हेच दिसले आहे: झाडे पुष्कळ, पण घरट्याजोगी ढोली मोजकीच, आणि गावातल्या जाणत्या माणसाला त्यांतली प्रत्येक ठाऊक असते.

मादी बहुधा दोन किंवा तीन अंडी घालते. नर आणि मादी दोघेही अंडी उबवतात. त्याला साधारण चार आठवडे लागतात. पिल्ले आंधळी आणि विरळ पिवळसर लव असलेली जन्मतात. अंडी एकाच दिवशी फुटत नसल्याने थोरले आणि धाकटे पिल्लू यांच्यात लक्षणीय फरक असतो आणि अन्न तोकडे पडले तर धाकटे मागे पडते. पिसे भरून बाहेर पडायला नऊ-दहा आठवडे लागतात; या सबंध काळात ते ढोलीच्या तळाशी, पळण्याचा मार्ग नसलेल्या अवस्थेत बसलेले असते. घोरपड आणि अजगर यांच्यापासून धोका असतोच. बाहेर आल्यानंतरही ते आईबापांच्या मागे फिरते, अन्न मागते आणि कोणते फळ केव्हा पिकते, कोणत्या किनाऱ्यावर रात्र काढायची हे शिकते. स्वतः वीण सुरू करायला त्याला आणखी काही वर्षे लागतात. म्हणजे एका जोडीने वर्षाला फार तर दोन-तीन पिल्ले वाढवायची आणि त्यांतली काहीच प्रौढ व्हायची, असा हा संथ हिशेब आहे. आयुष्य दीर्घ असल्याने तो हिशेब जमतो.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर इथे आहे. दीर्घायुष्य हे या जातीचे बळ खरे, पण त्यामुळेच तिची घसरण फार उशिरा लक्षात येते. कतालाची शिकार प्रौढ पक्ष्यापेक्षा पिल्लांची अधिक होते, कारण हाताने वाढवलेले पिल्लू माणसाळते आणि त्याला बाजारात भाव मिळतो. ढोली ठरलेली, जोडी ठरलेली, विणीचा हंगाम ठरलेला. चोराला दरवर्षी त्याच झाडावर चढून पिसे फुटलेली पिल्ले काढून न्यायची असतात. जिथे पहारा नव्हता तिथे बहुतेक सगळ्या घरट्यांतून असे होत असे. प्रौढ पक्षी मात्र मरत नाहीत. ते संध्याकाळी मुक्कामाला येतात, थवा दिसतो, आवाज ऐकू येतो आणि पाहणारा म्हणतो की पक्षी आहेत. एखाद्या गावात पारावर म्हातारी माणसे रोज बसलेली दिसावीत आणि शाळा मात्र पटाअभावी बंद पडलेली असावी, तशी ही अवस्था असते. पंधरा-वीस वर्षे नवी पिढीच आली नाही तर म्हातारा थवा एकाएकी संपतो, आणि तो का संपला हे त्या वर्षीच्या कोणत्याही घटनेत सापडत नाही. संकटाचे मोजमाप थव्याच्या आकारावरून करू नये, सुखरूप उडालेल्या पिल्लांवरून करावे, असे मी विद्यार्थ्यांना सांगतो ते यासाठी.

एके काळी हा पक्षी फिलिपिन्सच्या पन्नासएक बेटांवर होता आणि विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत सामान्य समजला जात होता. आज तो मुख्यतः पालावान आणि त्याच्या भोवतालच्या बेटांवर, सुलू द्वीपसमूहात आणि इतर मोजक्या ठिकाणी उरला आहे. त्याची नोंद अतिसंकटग्रस्त म्हणून होते आणि प्रौढ पक्ष्यांची संख्या ४३० ते ७५० अशी धरली जाते. १९९२ मध्ये वन्यजीव व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या परिशिष्टात त्याचा समावेश झाला, म्हणजे रानातून पकडलेल्या पक्ष्याचा आंतरराष्ट्रीय व्यापार बंद झाला. फिलिपिन्सने २००१ मध्ये वन्यजीव संरक्षणाचा स्वतंत्र कायदाही केला. कागदावरचे हे संरक्षण आवश्यक होते. झाडावर चढणारा माणूस त्याने थांबला असता तर पुढचे काम करावे लागले नसते.

ते पुढचे काम रासा बेटावर झाले आणि मला ते पक्षीसंरक्षणाच्या अलीकडच्या इतिहासातले फार मोलाचे वाटते. रासा हे पालावानच्या नारा नगरपालिकेच्या किनाऱ्यासमोरचे, साडेआठशे हेक्टरांच्या आतले प्रवाळबेट. बराचसा भाग कांदळवन आणि उरलेले किनारी जंगल. १९९८ मध्ये कताला फाउंडेशनच्या मंडळींनी तिथे काम सुरू केले तेव्हा बेटावर जेमतेम पंचवीसच्या आसपास पक्षी उरले होते. त्यांनी पहारेकरी म्हणून नेमले ते पूर्वी पिल्ले काढणाऱ्या लोकांनाच. या निर्णयामागे भावनेपेक्षा व्यवहार अधिक होता. कोणत्या झाडात ढोली आहे, कोणती जोडी केव्हा अंडी घालते, कोणत्या वाटेने चोर येतो आणि झाडावर कसे चढायचे हे सगळे ज्ञान त्यांच्याकडेच होते, आणि आता त्या ज्ञानाला नियमित वेतन आणि गावात मान मिळू लागला. ते घरट्याची झाडे शोधतात, हंगामभर त्यांच्यावर लक्ष ठेवतात, पिल्लांचे वजन करतात, त्यांच्या पायात ओळखीची कडी घालतात आणि संध्याकाळी मुक्कामाच्या जागी मोजणी करतात. २००६ मध्ये रासाला वन्यजीव अभयारण्याचा दर्जा मिळाला. पिल्ले सुखरूप उडू लागल्यानंतर संख्या वाढायला वेळ लागला, कारण पहिल्या काही वर्षांची पिल्ले अजून विणीच्या वयात आलेली नव्हती. पण नंतर ती दोनशेच्या पुढे गेली. तेच बेट, तीच झाडे आणि तेच प्रौढ पक्षी असताना फक्त घरटे राखल्याने एवढा फरक पडला, यावरून या जातीचा मुख्य रोग कोणता होता ते कळते.

तरीही घरटे राखणे पुरेसे नाही. दुष्काळी वर्षी शेवगा नीट फळत नाही आणि तेव्हा पहाऱ्यातल्या ढोलीतही पिल्ले उपाशी राहून खंगतात, मरतात. चोरापासून वाचवलेले पिल्लू भुकेने जाताना पाहणे पहारेकऱ्यांना किती जड जात असेल याची मला कल्पना आहे. त्यांनी अशा पिल्लांना पूरक अन्न देऊन वाचवण्याचे प्रयत्न केले आहेत. बेट लहान असल्याने तिथली झाडे आणि ढोल्या मर्यादित आहेत, म्हणून वाढलेल्या थव्याला मुख्य भूमीवर खाण्याची आणि घरट्याची झाडे लागतात. आणि बहुतेक पक्षी मोजक्याच ठिकाणी एकवटलेले असणे हाच एक धोका आहे: एक मोठे चक्रीवादळ पोकळ खोडांची जुनी झाडे आधी पाडते, कारण ढोली असलेले खोडच सर्वांत कमकुवत असते. त्यामुळेच हे काम पालावानच्या उत्तरेकडच्या दुमारान बेटावर, इवाहिगच्या तुरुंगवसाहतीच्या विस्तीर्ण जमिनीत आणि दक्षिणेकडच्या पांदानान बेटावरही पसरवले गेले. इवाहिगचे उदाहरण मला विशेष वाटते: खुल्या तुरुंगाची जमीन शेकडो वर्षांच्या जंगलासह शाबूत राहिली आणि पक्ष्यांना ती उपयोगी पडली.

राहिला तिसरा प्रश्न. पिंजऱ्यातले काकाकुवे सोडून देण्यात तीन अडचणी आहेत. पहिली जातीची. भारतात घरोघरी दिसणारे पांढरे काकाकुवे बहुतांशी इंडोनेशियाच्या वेगवेगळ्या बेटांवरच्या जातींचे असतात. ते पालावानला सोडणे म्हणजे परक्या जातीची भर आणि संकराचा धोका. दुसरी रोगाची. पोपटवर्गीयांत चोच आणि पिसे झिजवणारा एक विषाणू आहे आणि पांढरे काकाकुवे त्याला विशेषकरून बळी पडतात. बाजारातून आणि अनेक पिंजऱ्यांतून फिरलेला पक्षी वरून निरोगी दिसला तरी तो विषाणू बाळगून असू शकतो. हा विषाणू पिसांच्या भुकटीतून आणि विष्ठेतून पसरतो आणि ढोलीसारख्या बंद जागेत दीर्घकाळ टिकतो. काही शेकड्यांच्या थव्यात तो शिरला तर पहाऱ्याने वाचवलेले सगळे त्याच्या तोंडी जाईल.

तिसरी अडचण शिकण्याची आहे आणि ती सर्वांत कमी लक्षात घेतली जाते. काकाकुवे एकमेकांचे पाहून शिकतात याचा उत्तम पुरावा सिडनीतून मिळाला. तिथल्या पिवळ्या तुऱ्याच्या काकाकुव्यांनी कचऱ्याच्या डब्यांची झाकणे उघडण्याची युक्ती शोधली. बार्बरा क्लुम्प, लुसी ॲपलिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, २०१८ पूर्वी तीन उपनगरांतून नोंदली गेलेली ही सवय २०१९ च्या अखेरीस ४४ उपनगरांत दिसू लागली होती, आणि ती आधी शेजारच्या भागांत, मग त्यापुढे अशी पसरत गेली. शिवाय झाकण उघडण्याच्या पद्धतीत भागाभागांनुसार फरक होता. याचा अर्थ असा की खाण्याचे बरेचसे ज्ञान या पक्ष्यांत थव्याकडून मिळते. सूर्यफुलाच्या बियांवर वाढलेल्या पक्ष्याला चिप्पीचे फळ केव्हा खायचे, वाळलेली शेंग कशी उकलायची, समुद्र कोणत्या वेळी ओलांडायचा आणि घोरपड दिसली की कोणता आवाज काढायचा हे कोणी शिकवलेले नसते. माणसावर विश्वास ठेवायला मात्र तो शिकलेला असतो, आणि तीच गोष्ट त्याच्या जिवावर बेतते. मूळ प्रदेशातून जप्त केलेली, तपासलेली आणि थव्याच्या जवळ हळूहळू सवय लावून सोडलेली पिल्ले ही वेगळी बाब आहे. ते काम तिथली जाणकार माणसेच करू शकतात.

तुमच्या घरी किंवा ओळखीत काकाकुवा असेल तर तो उघड्यावर सोडू नये. २०२२ मध्ये सुधारलेल्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार आणि २०२४ च्या नियमांनुसार, आंतरराष्ट्रीय व्यापार कराराच्या परिशिष्टांत असलेल्या अशा परदेशी प्राण्यांची नोंदणी केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर करावी लागते. ती करून घ्यावी. पक्षी नवा घेण्याचा विचार असेल तर विक्रेत्याकडे जन्माचा आणि मालकीचा कागद मागावा, आणि तो नसेल तर व्यवहार करू नये. कागद नसलेले पिल्लू बहुधा कुठल्यातरी ढोलीतून काढलेले असते, आणि ती ढोली पुढच्या वर्षीही त्याच जोडीकडे असेल.